'ओ-यू-जी-एच' : इंग्रजी शब्दांतील एक वर्णसमूह आणि जालना जिल्ह्यातील विद्यार्थी

जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात नांगर, जनावरांना पाणी पाजण्याची डोण आणि अवर्षण या तीन गोष्टींचा उल्लेख झाल्यावाचून एकही वर्ष सरत नाही. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या बोलण्यात आजही कालगणनेची खूण म्हणून येतो, आणि २०१२-१३ च्या अवर्षणात वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागांची आठवण तर ताजीच आहे. या तीन गोष्टींना इंग्रजीत अनुक्रमे 'प्लाउ', 'ट्रॉफ' आणि 'ड्राउट' असे शब्द आहेत. देवनागरीत लिहिले असता या तीन शब्दांत एखादा समान दुवा असेल, अशी शंकाही येत नाही. परंतु रोमन लिपीत पाहिले असता तिन्ही शब्दांत ओ, यू, जी आणि एच हे चार वर्ण याच क्रमाने बसलेले आढळतात.

याच चार वर्णांपाशी मराठी माध्यमाचा विद्यार्थी हमखास अडखळतो. 'टफ' हा शब्द शिकल्यावर तो त्याच न्यायाने 'प्लाउ' या शब्दाचे वाचन 'प्लफ' असे करतो आणि वर्गात हशा पिकतो. वस्तुतः त्याने केलेले अनुमान तर्कशुद्ध असते. ज्या लिपीत तो वाढला, त्या लिपीत एकदा शिकलेले अक्षर सहसा दगा देत नाही. म्हणून दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीकडे नाही, हे प्रथम मान्य करून या वर्णसमूहाचे कोडे इतिहासाच्या साहाय्याने कितपत उलगडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

१. वर्णसमूहाची व्याप्ती

हा वर्णसमूह असलेले नेहमीच्या उपयोगातील चोवीस शब्द विचारात घेतले, तर उच्चाराच्या दृष्टीने त्यांचे चार वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात वर्णसमूहापुढे 'टी' हा वर्ण असून उच्चार 'ऑट' असा होतो. 'थॉट' (विचार), 'बॉट' (विकत घेतले), 'ब्रॉट' (आणले), 'फॉट' (लढले), 'सॉट' (शोधले), 'रॉट' (घडविलेले, यातील आरंभीचा डब्ल्यू अनुच्चारित आहे), 'ऑट' (कर्तव्य सुचविणारे साहाय्यक क्रियापद) आणि 'नॉट' (शून्य) हे ते आठ शब्द होत.

दुसऱ्या वर्गात शेवटी 'फ' हा ओष्ठ्य ध्वनी ऐकू येतो. 'टफ' (चिवट), 'रफ' (खडबडीत), 'इनफ' (पुरेसे) आणि 'स्लफ' (सापाची कात) यांत 'अफ' असा, तर 'कॉफ' (खोकला) आणि 'ट्रॉफ' (डोण) यांत 'ऑफ' असा उच्चार आहे.

तिसऱ्या वर्गात जी आणि एच हे वर्ण पूर्णतः मूक आहेत. 'दो' (जरी), 'ऑलदो' (यद्यपि) व 'डो' (मळलेली कणीक) यांत 'ओ', 'बाउ' (झाडाची फांदी), 'प्लाउ' व 'ड्राउट' यांत 'आउ', 'थ्रू' (मधून) या शब्दात 'ऊ', आणि 'थरअ' (सांगोपांग) व 'बरअ' (नगर) यांत अंती केवळ आघातहीन 'अ' उरतो.

चौथ्या वर्गात एकच शब्द आहे, तो म्हणजे उचकी या अर्थाचा 'हिकप'. हा या घराण्यातील तोतया होय. उचकीच्या आवाजावरून बनलेल्या या अनुकरणवाचक शब्दाचा खोकल्याच्या शब्दाशी संबंध आहे, अशा गैरसमजुतीने सतराव्या शतकात त्याच्या अंगावर हे चार वर्ण चढविले गेले. उच्चार मात्र जुनाच राहिला. पुढे त्याचे साधे लेखनच अधिक रूढ झाले.

अशा रीतीने चार वर्णांच्या एका साखळीला चोवीस शब्दांत आठ उच्चार लाभले आहेत. वरवर पाहता ही अनागोंदी वाटते. परंतु चौथा वर्ग वगळला, तर उरलेल्या तिन्ही वर्गांच्या मुळाशी बहुतांशी एकच ध्वनी होता, असे दिसून येते.

२. हरपलेला ध्वनी

प्राचीन इंग्रजीत, म्हणजे नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकण्यापूर्वीच्या भाषेत, एक कंठ्य घर्षक ध्वनी होता. जिभेचा मागील भाग मृदू तालूच्या अगदी जवळ नेला, परंतु त्याला पुरता टेकू दिला नाही, म्हणजे जो खरखरीत श्वासध्वनी निघतो तोच हा ध्वनी. मराठी 'ख' उच्चारताना जीभ तालूला चिकटते व मग सुटते. या ध्वनीत ती चिकटतच नाही. देवनागरीत तो नुक्ता देऊन 'ख़' असा दाखविता येतो.

जुने लेखक शब्दाच्या मध्ये वा अंती येणारा हा ध्वनी केवळ एच या वर्णाने लिहीत. 'थ्रू' याचे जुने रूप 'थुर्ख़' असे होते, 'थॉट' याचे 'थोख़्ट', तर 'रफ' याचे 'रूख़'. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच लेखनपद्धतीत वाढलेल्या लेखनिकांनी त्यासाठी हळूहळू जी आणि एच हे जोडवर्ण वापरण्यास आरंभ केला. ओ आणि यू हे जोडवर्ण 'ऊ' या दीर्घ स्वरासाठी योजण्याची पद्धतही फ्रेंच लेखनातूनच आली. तात्पर्य, ज्या काळी हा वर्णसमूह स्थिरावत होता, त्या काळी तो बऱ्याच अंशी उच्चारानुसारी होता. लेखनिकांनी जे ऐकले तेच लिहिले.

इंग्रजीच्या सख्ख्या बहिणीत, जर्मनमध्ये, हा ध्वनी अद्याप नांदतो. 'दो' याचा जर्मन सोयरा 'दोख़', आणि 'ब्रॉट' याचा 'गेब्राख़्ट'. स्कॉटलंडच्या बोलीतही रात्रीला 'निख़्ट' म्हणण्याची परंपरा आहे. प्रमाण इंग्रजीत तेथे 'नाइट' असा उच्चार होतो आणि जी-एच हे वर्ण केवळ लेखनात उरतात.

३. एका ध्वनीच्या तीन वाटा

पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान दक्षिण इंग्लंडच्या बोलींतून हा ध्वनी क्रमाक्रमाने नाहीसा झाला. तो सर्वत्र सारख्याच रीतीने गेला नाही, आणि वर्गभेदाचे मूळ याच ठिकाणी आहे.

जेथे त्याच्यापुढे 'ट' होता, तेथे तो त्या संयोगात विरून गेला आणि मागील स्वर 'ऑ' होऊन राहिला. 'थॉट', 'बॉट', 'ब्रॉट' हा वर्ग असा सिद्ध झाला.

जेथे तो शब्दांती होता, तेथे काही बोलींत त्याने स्थान बदलले. त्याच्या मागील 'ऊ' किंवा 'ओ' उच्चारताना ओठांचा चंबू होतो. कंठातील घर्षण ओठांकडे सरकले आणि 'ख़' चा 'फ' झाला. या स्थित्यंतरात 'रफ' व 'टफ' यांसारख्या शब्दांतील दीर्घ स्वर आखूड होऊन पुढे 'अ' झाला.

इतर काही बोलींत, विशेषतः दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या रूपांत, तो ध्वनी सौम्य होऊन मागील स्वरात मिसळला. त्यामुळे दीर्घ 'ऊ' जसाच्या तसा राहिला आणि सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्रजी दीर्घ स्वरांचे जे मोठे स्थलांतर झाले, त्यात सापडून त्याचा 'आउ' झाला. 'प्लाउ', 'बाउ' आणि 'ड्राउट' यांचे उच्चार या मार्गाने आले. 'इनफ' या शब्दाची तर दोन्ही रूपे दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदली. 'इनाउ' हे त्याचे दुसरे रूप जुन्या ग्रंथांत आढळते. 'थ्रू' आणि 'थरअ' हेही मूळचे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. आघात असता दोन अवयवांचे जे रूप बनले ते स्वतंत्र विशेषण झाले.

प्रमाण भाषेने कोणता शब्द कोणत्या बोलीतून उचलावा, याला नियम नव्हता. मराठीतही प्रमाणभाषेची घडण विविध बोलींतील रूपे स्वीकारूनच झाली. इंग्रजीत अडचण निराळ्या कारणाने उत्पन्न झाली. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला आणि मुद्रणामुळे लेखन गोठत गेले, तर उच्चार मात्र त्यानंतरही वाहत राहिले. सॅम्युअल जॉन्सन याचा कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा 'ख़' हा ध्वनी प्रमाण उच्चारातून गेलेला होता, पण त्याची खूण प्रत्येक शब्दावर राहिली होती.

४. जालन्याच्या कानांना परिचित असलेला ध्वनी

लंडनच्या विद्यार्थ्याला जो ध्वनी आज परका वाटतो, तो जालना, अंबड किंवा परतूर येथील बाजारपेठेत सहज कानी पडतो, ही बाब लक्षणीय आहे. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. खर्च, खजिना, तारीख, दाखला, खबर हे शब्द मराठीने फारसीच्या द्वारे घेतले. या प्रत्येक शब्दात मूळचा 'ख़' आहे. मराठीने त्याच्या जागी आपला स्पर्शवर्ण 'ख' बसविला. मराठवाड्यातील दखनी बोलीने मात्र 'ख़' जतन केला, एवढेच नव्हे तर त्याचे क्षेत्र वाढविले. अरबी-फारसीतील 'क़' हा वर्णदेखील दखनीत 'ख़' होतो. मराठीत जे 'कलम' झाले, ते दखनीत 'ख़लम' असे ऐकू येते.

उर्दू लिपीतही इंग्रजीसारखाच एक विशेष आढळतो. 'ज़' या एकाच उच्चारासाठी तीत चार अक्षरे आहेत, आणि 'स' साठी तीन. अरबीत त्यांचे उच्चार भिन्न होते. उर्दूत तो भेद मावळला, पण शब्दाचे कुळ दाखविण्यासाठी अक्षरे कायम राहिली. निजामी राजवटीत उर्दू शाळेतून शिकलेल्या जालन्याच्या मराठी मनुष्याला त्यामुळे लेखन व उच्चार यांतील फारकत ही काही नवलाची गोष्ट नव्हती.

स्थळनामांतही असा प्रकार घडलेला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याच्या सैन्याची मराठ्यांशी ज्या असई गावी लढाई झाली, ते गाव आजच्या जालना जिल्ह्यात आहे. इंग्रजी ग्रंथांत त्याचे नाव ए, दोन एस, ए, वाय आणि ई अशा सहा वर्णांनी लिहिले जाते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लष्करी लेखनात जालन्याचे नावही जे-ए-यू-एल-एन-ए-एच असे आढळते. त्यातील अखेरचा एच उच्चारात कोठेच नाही.

५. देह, बाहु आणि बृहत्

या वर्णसमूहाचा मागोवा इंग्लंडच्याही पलीकडे घेता येतो. संस्कृत आणि इंग्रजी या एकाच मूळ भाषाकुलातील आहेत, आणि त्यांच्या व्यंजनांतील अंतर नियमबद्ध आहे. जर्मानिक भाषांपुरते या नियमांचे सुसूत्र विवेचन याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये केले. मूळ भाषेतील एका महाप्राण तालव्य 'घ' चा संस्कृतात 'ह' झाला आणि जर्मानिक शाखेत 'ग'. इंग्रजीत शब्दाच्या मध्ये वा अंती हा 'ग' पुढे घर्षक होऊन जी-एच या जोडवर्णांनी लिहिला जाऊ लागला.

याचा प्रत्यय तीन शब्दांत येतो. झाडाच्या फांदीस इंग्रजीत जो 'बाउ' शब्द आहे, तो संस्कृत 'बाहु' या शब्दाचा सगोत्र आहे. फांदी म्हणजे झाडाचा हात. मळलेल्या कणकेचा वाचक 'डो' हा 'देह' या शब्दाचा सगोत्र आहे; 'दिह्' या धातूचा अर्थ लिंपणे असा असून, देह म्हणजे लिंपून घडविलेली वस्तू. नगरवाचक 'बरअ' याचे नाते 'बृहत्' या शब्दाशी आहे. मूळ धातूत उंचीचा भाव होता, आणि उंचावरील तटबंदीची जागा हा त्या शब्दाचा जुना अर्थ होय. बाहु, देह, बृहत् या तिन्ही शब्दांत जेथे 'ह' आहे, तेथेच इंग्रजी शब्दांत मूक जी-एच आहेत. मराठी भाषक दररोज उच्चारीत असलेला 'ह' आणि इंग्रजीतील हे दोन मुके वर्ण अशा रीतीने एकाच ध्वनीचे वारस ठरतात.

अर्थात प्रत्येक जी-एच मागे संस्कृत 'ह' शोधता येणार नाही. ज्या शब्दांत पुढे 'ट' आहे, तेथे मूळचा 'क' वर्गातील वेगळा ध्वनीही असू शकतो. 'नाइट' व संस्कृत 'नक्त' यांची जोडी याचे उदाहरण होय.

६. उच्चार लिहावा की कुळ ?

मृत ध्वनींच्या खुणा लेखनात जपाव्यात की पुसून टाकाव्यात, हा प्रश्न मराठीपुढेही उभा राहिला होता. 'पञ्च' पासून आलेला 'पांच', 'दन्त' पासून आलेला 'दांत', 'कण्टक' पासून आलेला 'कांटा' आणि 'नाम' पासून आलेले 'नांव' या शब्दांवर पूर्वी अनुस्वार देत असत. त्याचा उच्चार प्रमाण बोलण्यात उरला नव्हता. तो केवळ व्युत्पत्तीची साक्ष देत होता. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा लेखननियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि हे अनुच्चारित अनुस्वार गेले. विद्यार्थ्यांचा भार हलका झाला. त्याचबरोबर नामवाचक 'नांव' आणि होडीवाचक 'नाव' यांतील लेखनभेदही संपला.

इंग्रजीत असा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. अमेरिकेत १९०६ मध्ये सरल लेखनासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने तीनशे शब्दांची यादी केली. तीत 'दो' व 'थ्रू' यांची आखूड रूपे होती. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती शासकीय मुद्रणात वापरण्याची आज्ञा दिली. परंतु लोकप्रतिनिधींनी विरोध केला आणि त्याच वर्षअखेर माघार घ्यावी लागली. नांगराचा शब्द मात्र अमेरिकेत आज जी-एच वाचून लिहिला जातो.

देवनागरीही सर्वस्वी उच्चारानुसारी आहे असे मानणे बरोबर नाही. 'चार' या संख्यावाचक शब्दातील 'च' आणि 'चारा' या शब्दातील 'च' भिन्न आहेत. 'जन्म' व 'जड' यांतील 'ज' भिन्न आहेत. लिपी हा भेद दाखवीत नाही. मराठी बालक तो घरी ऐकून शिकते, म्हणून त्याला तो जाणवत नाही. इंग्रजी शब्द कानांवरून न जाता एकदम डोळ्यांपुढे येतात, म्हणून तेथील विसंगती बोचते.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागला. त्यामुळे १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात, मंठा वा जाफ्राबाद तालुक्यातील खेड्यातील मुलाचीही या वर्णसमूहाशी कधी ना कधी गाठ पडते. मार्गदर्शक पुस्तकांत शब्दापुढे देवनागरीत उच्चार दिलेला असतो. तो उपयुक्त आहे, पण त्यावरच भिस्त ठेवली असता चोवीस शब्द ही चोवीस सुटी ओझी होतात. रोमन रूप व उच्चार एकत्र ठेवून वर्गवारी केली, तर ओझे पुष्कळ कमी होते.

पहिली गोष्ट, वर्णसमूहापुढे 'टी' असेल तर उच्चार 'ऑट' समजावा. वरील यादीत 'ड्राउट' हा एकच अपवाद आहे. यातील बहुतेक शब्द भूतकाळी क्रियापदे असल्याने वर्तमानकाळी रूपाबरोबर ते शिकविणे सोयीचे ठरते. दुसरी गोष्ट, 'फ' ध्वनीचे सहाच शब्द आहेत व ते पाठ करणे अवघड नाही. तिसरी गोष्ट, उरलेल्या शब्दांत जी-एच मूक आहेत. तेथे केवळ स्वर लक्षात ठेवावा लागतो. बाहु व देह यांचा दाखला दिल्यास 'बाउ' व 'डो' हे शब्द सहसा विसरले जात नाहीत.

कोणत्या शब्दात मूळ ध्वनीने कोणती वाट धरली, हे इतिहास आगाऊ सांगू शकत नाही. घडून गेलेल्या गोष्टीची संगती तेवढी तो लावतो. म्हणून नवा शब्द भेटल्यावर कोश पाहणे अपरिहार्यच आहे. परंतु 'प्लाउ' या शब्दाचे वाचन 'प्लफ' असे करणाऱ्या विद्यार्थ्याला, पूर्वी येथे 'ख़' होता व काही शब्दांत त्याचा खरोखरच 'फ' झाला, एवढे सांगितले तरी आपल्या चुकीमागील तर्क योग्य होता हे त्यास कळते. नांगर आणि अवर्षण यांचे इंग्रजी शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून त्यांतील चार समान वर्ण अधोरेखित केले, आणि वर्गातील एखाद्या दखनी भाषक मुलाकडून 'ख़लम' हा शब्द मोठ्याने म्हणवून घेतला, तर हा पाठ एका तासिकेत पुरा होऊ शकतो.